टर्बो गाडी आणि पेट्रोलचा अंक

(बडोदे येथील ग्रीष्मकालीन व्याख्यानमालेतील व्याख्यान)



या व्यासपीठावरून आपण साहित्य, संगीत, इतिहास ऐकत आला आहात. आज मी पेट्रोलवर बोलणार आहे. विषय वेगळा वाटला तरी बडोद्याला तो परका नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी याच गावात कलाभवन सुरू केलं आणि ते प्रा. त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या हाती सोपवलं. यंत्राची आणि रसायनांची विद्या माणसाला त्याच्या स्वतःच्या भाषेत मिळाली पाहिजे, असा गज्जरांचा आग्रह होता. त्याच कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले. त्या आग्रहाला स्मरून मी आज मराठीत, घरच्या माणसांशी बोलावं तसं बोलणार आहे.

सुरुवात एका आवाजापासून करतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही पावागडला गेलो होतो. गाडी भाच्याची, एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिन. आत पाच माणसं, एसी पूर्ण, बाहेर डांबर वितळावं असं ऊन. चांपानेर मागे टाकून माचीच्या चढाला लागलो. भाचा चौथ्या गिअरमध्येच होता. गती पडली तसा त्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून बारीक आवाज आला, पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा. दोन-तीन सेकंदांत तो थांबला, पण गाडीचा जोर कमी झाल्याचं आम्हा सगळ्यांना जाणवलं. भाचा म्हणाला, “मामा, हा आवाज कसला? पंपावरचा मुलगा म्हणत होता, या गाडीत महागातलंच पेट्रोल भरा, ताकद वाढेल. तेच भरायला हवं होतं का?”

आजचं व्याख्यान म्हणजे त्याच्या या प्रश्नाचं उत्तर आहे.

तो आवाज म्हणजे नॉकिंग. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण पिस्टन दाबतो, मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते. आपण म्हणतो ‘स्फोट होतो’, पण चांगल्या इंजिनात स्फोट होत नाही. ऊसतोडीनंतर शेतातलं पाचट एका कडेने पेटवलं की आग रांगेने पुढे सरकत जाते, तशी ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे जाते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल तर हा प्रवास दोन-तीन मिलिसेकंदांत संपतो. ज्योत पुढे येत असताना पलीकडच्या कोपऱ्यातलं, अजून न जळलेलं मिश्रण दोन बाजूंनी भरडलं जातं: पिस्टनचा दाब असतोच, त्यात जळालेल्या वायूचा फुगवटा येतो. त्याचं तापमान चढत जातं. ज्योत पोचण्याआधीच तो कोपरा आपणहून पेटला तर सगळा एकदम पेटतो. दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात आणि ती खटखट आपल्याला ऐकू येते. हे वारंवार आणि जोराने होत राहिलं तर पिस्टनची कड खाल्ली जाते, रिंगांमधला भाग तुटतो, गॅस्केट जातं.

पेट्रोलचा ऑक्टेन अंक एवढंच सांगतो की हा कोपरा किती वेळ दम धरेल. अंक जास्त म्हणजे पेट्रोलात जास्त ऊर्जा, असं नाही. अंक जास्त म्हणजे ते दाबाखाली आणि उष्णतेत आपणहून पेटण्याला जास्त विरोध करतं. ऑक्टेन ही सहनशक्ती आहे. ती पेट्रोलाची ताकद मानली जाते, आणि या विषयातले बहुतेक गैरसमज तिथेच जन्माला येतात.

हा अंक आला कुठून? अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर या रसायनतज्ज्ञाने १९२६ च्या सुमारास दोन शुद्ध द्रव्यं समोर ठेवली. आयसो-ऑक्टेन, जे दाब खूप सोसतं, त्याला १०० गुण. हेप्टेन, जे लगेच खटखट करतं, त्याला शून्य. जेफ्री पाइन नावाच्या वृक्षाच्या डिंकातून शुद्ध हेप्टेन मिळत असे. म्हणजे मोजपट्टीचं शून्याचं टोक एका झाडाने दिलं. मग एक सिलिंडरचं चाचणी इंजिन तयार झालं, ज्यात इंजिन चालू असतानाच दाबाचं प्रमाण कमी-जास्त करता येतं. तुमचं पेट्रोल त्यात ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणाएवढी खटखट करत असेल, तर त्याचा अंक ९५.

ही चाचणी दोन पद्धतींनी होते. ६०० फेऱ्यांवर, सौम्य परिस्थितीत मोजलं की मिळतो तो रिसर्च ऑक्टेन अंक, म्हणजे आरओएन. ९०० फेऱ्यांवर, मिश्रण १४९ अंशांपर्यंत तापवून मोजलं की मिळतो मोटर ऑक्टेन अंक, एमओएन. तो नेहमी काही अंकांनी खाली असतो. भारतात आणि युरोपात पंपावर आरओएन सांगतात. अमेरिकेत दोघांची सरासरी लिहितात. हे सांगायला हवं, कारण बडोद्यातल्या कितीतरी घरांतली मुलं न्यू जर्सीला किंवा टेक्सासला आहेत. तिथला मुलगा फोनवर सांगतो, “बाबा, आम्ही तर ८७ भरतो, काही होत नाही.” अमेरिकेतलं ते ८७ म्हणजे आपल्याकडचं साधारण ९१. आकडे दोन मोजपट्ट्यांचे आहेत, पेट्रोल जवळपास तेच आहे.

आता टर्बोकडे येऊ. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या अभियंत्याने १९०५ साली याचं पेटंट घेतलं. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक छोटी चक्की फिरवायची आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्कीने इंजिनात जास्त हवा कोंबायची. जास्त हवा, म्हणून जास्त पेट्रोल, म्हणून लहान इंजिनातून मोठं काम. भाच्याच्या एक लिटरच्या गाडीला दीड लिटरच्या गाडीचा जोर येतो तो यामुळे.

पण सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी तापते, हे आपण लहानपणी हाताने अनुभवलंय. हवा दाबली की ती तापतेच. बडोद्याच्या मे महिन्यातली ४३ अंशांची हवा टर्बोने दुप्पट दाबली तर ती १३०-१४० अंशांच्या घरात जाते. म्हणून मध्ये इंटरकूलर बसवतात, रेडिएटरसारखी जाळी, जिच्यातून जाताना ही हवा थंड होते. तरीही सिलिंडरमध्ये शिरणारी हवा साध्या इंजिनापेक्षा जास्त दाबाची असते आणि आत पिस्टन ती पुन्हा दाबतो. तो कोपरा दम सोडण्याची भीती टर्बो गाडीत म्हणूनच जास्त. १९४० साली ब्रिटनच्या लढाऊ विमानांना ८७ ऐवजी १०० ऑक्टेनचं इंधन मिळालं आणि त्यांच्या त्याच मर्लिन इंजिनाला जास्त दाबाची हवा देता आली. इंजिन तेच होतं, इंधनाने सोसण्याची मर्यादा वाढवली होती.

याची उलट बाजूही इतिहासात आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो गाडी आली. तिच्या इंजिनाची मागणी इतकी होती की नॉकिंग रोखायला डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारावं लागे. मालकांनी ती टाकी भरायची हेळसांड केली आणि गाडी दोन वर्षांत बंद झाली. इंजिनाची गरज आणि माणसाची सवय जुळली नाही की चांगलं यंत्रही टिकत नाही, एवढा धडा त्यातून घ्यावा.

आजच्या गाड्यांना तशी टाकी लागत नाही, कारण इंजिनाला कान आले आहेत. ब्लॉकवर बोल्टने बसवलेला नॉक सेन्सर, आत दाबाला प्रतिसाद देणारा स्फटिक. खटखटीची कंपनं ओळखली की तो गाडीच्या संगणकाला कळवतो आणि संगणक ठिणगी काही अंश उशिरा पाडतो. नॉकिंग थांबतं, पण ठिणगी उशिरा पडल्याने जोर कमी होतो आणि पेट्रोल जास्त जातं. टर्बो गाडीत संगणक हवेचा दाबही उतरवतो. पावागडच्या चढावर आम्ही नेमकं हेच अनुभवलं: आधी आवाज, मग आवाज बंद, मग जोर कमी. गाडी बिघडली नव्हती, ती स्वतःला सांभाळत होती.

मग पेट्रोलचा अंक वाढतो कसा? यासाठी आपल्याला लांब जायला नको. छाणी-बाजव्याच्या बाजूला रात्री आकाशात जी ज्योत दिसते, तिच्याखाली हे काम चालतं. अंकलेश्वरला १९६० साली तेल सापडलं. १० मे १९६३ रोजी पंडित नेहरूंनी कोयली इथे सोव्हिएत सहकार्याने उभ्या राहणाऱ्या गुजरात रिफायनरीची कोनशिला बसवली. ऑक्टोबर १९६५ मध्ये पहिलं युनिट चालू झालं आणि १८ ऑक्टोबर १९६६ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांनी रिफायनरी राष्ट्राला अर्पण केली. त्या दिवशी दुसऱ्या ऊर्ध्वपातन युनिटबरोबर आणखी एक युनिट सुरू झालं: कॅटॅलिटिक रिफॉर्मर. बडोद्यात ऑक्टेन घडवायची सुरुवात इथे झाली, असं मी मानतो.

कच्चं तेल उकळून वेगळं केलं की नाफ्था मिळतो. त्यातले बरेच रेणू सरळ साखळीसारखे असतात आणि सरळ साखळी दाबाखाली लवकर तुटते, लवकर पेटते. हेप्टेन तशीच साखळी आहे. रिफॉर्मरमध्ये सुमारे ५०० अंशांवर, प्लॅटिनमच्या संगतीत, या साखळ्या वाकवून त्यांची कडी केली जाते. कडी मजबूत, लवकर तुटत नाही. नाफ्था साठ-सत्तर अंकांचा शिरतो आणि शंभरीच्या जवळ जाऊन बाहेर पडतो. तेलाचा थेंब तोच, रेणूंची रचना बदलली.

याआधी जगाने एक सोपा आणि घातक रस्ता धरला होता. १९२१ साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजलीला कळलं की शिशाचं एक संयुग चिमूटभर घातलं की नॉकिंग थांबतं. पुढची अनेक दशकं ते शिसं जगभरच्या रस्त्यांवर, लहान मुलांच्या श्वासात आणि रक्तात गेलं. भारतात २००० सालच्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. तेव्हापासून ऑक्टेन मिळवायचा तो मुख्यतः रेणू घडवून. आपण पंपावर जो अंक विकत घेतो, त्यामागे हे कष्ट आहेत. म्हणून तो गरजेपुरता घ्यावा, वाया घालवू नये.

आता व्यवहाराकडे येतो. इथेनॉलचं प्रमाण वाढण्याआधी भारतीय मानकांप्रमाणे साध्या पेट्रोलचा किमान आरओएन ९१ आणि प्रीमियमचा ९५ होता. त्याच्या वर ९७, ९९, १०० अंकांची पेट्रोलं काही शहरांत मिळतात. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० अंकांचं पेट्रोल बाजारात आणलं. मधल्या काळात आणखी एक बदल झाला, तो अजून पुष्कळ लोकांच्या लक्षात आलेला नाही. पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल मिसळलं जातं. उसापासून, धान्यापासून होणाऱ्या या इथेनॉलचा स्वतःचा अंक १०८ च्या आसपास आहे आणि वाफ होताना ते पुष्कळ उष्णता शोषतं, त्यामुळे मिश्रण थंड राहतं. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार २० टक्के मिश्रणामुळे पेट्रोलचा आरओएन ९५ पर्यंत गेला आहे. म्हणजे ज्या अंकासाठी आपण काल जास्त पैसे मोजत होतो, तो आज साध्या नोझलमधून येतो.

याची दुसरी बाजूही स्पष्ट सांगितली पाहिजे. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते आणि जुन्या बांधणीच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज त्या मानाने उतरतं. पाहा, अंक वाढला आणि ऊर्जा घटली. ऑक्टेन म्हणजे ताकद असती, तर हे कसं झालं असतं? शिवाय इथेनॉल चालेल की नाही आणि ऑक्टेन किती हवं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे पाइप आणि सील २० टक्के इथेनॉल सोसतील असे करण्याचं सरकारी धोरण होतं. त्याआधीची गाडी असेल तर हा प्रश्न आधी कंपनीला विचारा.

मग निवड कशी करायची? पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडा. आतल्या बाजूला छोटं स्टिकर असतं. तिथे नसेल तर मॅन्युअल पाहा. तिथल्या शब्दांतला फरक नीट वाचा. ‘किमान ९१’ असेल तर ९१ भरून इंजिन सुरक्षित आहे. ‘९५ हवं’ असेल तर ती अट आहे, ती पाळा. ‘९५ ची शिफारस’ असेल तर ९१ वर गाडी चालेल, पण संगणक अधूनमधून ठिणगी मागे घेईल आणि जाहिरातीतला पूर्ण जोर उन्हात, चढावर मिळणार नाही. ९७-९८ मागणाऱ्या परदेशी बनावटीच्या जोरकस गाड्या असतात, त्यांना तेच द्या. आणि कुणी गाडीचा संगणक बदलून टर्बोचा दाब वाढवून घेतला असेल, तर झाकणावरचा आकडा त्याच्यासाठी उरत नाही. त्याने दाब वाढवला आहे, सहनशक्तीही वाढवायला हवी.

याउलट, किमान ९१ मागणाऱ्या गाडीत १०० अंकांचं पेट्रोल भरून काय मिळतं? संगणकात जेवढी ठिणगी पुढे नेण्याची सोय आहे, तेवढा लाभ मिळेल. त्यापुढचे अंक इंजिन वापरतच नाही. प्रीमियम पेट्रोलात इंजेक्टर स्वच्छ ठेवणारी रसायनं घातलेली असतात, पण तो गुण अंकाचा नव्हे. शंका असेल तर घरीच तपासा. एका पेट्रोलाच्या सलग तीन टाक्या, मग दुसऱ्याच्या तीन, रस्ता तोच, महिना तोच, आणि वहीत लिटर नि किलोमीटर लिहा. एकाच टाकीवरून निष्कर्ष काढू नका, संगणकाला नव्या पेट्रोलाची ओळख पटायला वेळ लागतो. प्रीमियम आठ टक्के महाग पडत असेल, तर अ‍ॅव्हरेजही आठ टक्के वाढलं पाहिजे. वही खरं सांगेल.

टर्बो गाडीचा आणखी एक धोका आहे आणि तिथे महाग पेट्रोलावर भिस्त ठेवता येत नाही. कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की कधी कधी ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटतं. ऑइलचे सूक्ष्म थेंब आणि काजळीचे कण त्याला निमित्त होतात. तो एकच जबर दणका पिस्टन फोडू शकतो. त्यावर उपाय दोन: कंपनीने सांगितलेल्या दर्जाचं इंजिन ऑइल वेळेवर बदलणं आणि चढावर गिअर उतरवणं.

आता पुन्हा पावागडला जाऊ. माचीच्या खाली सावली पाहून आम्ही गाडी थांबवली. भाच्याने झाकण उघडलं. स्टिकरवर लिहिलं होतं: किमान ९१ आरओएन. गाडी त्याने दोन वर्षं वापरली होती, ते स्टिकर पहिल्यांदाच वाचलं. मग मी त्याला म्हटलं, “आता दुसऱ्या गिअरमध्ये घे आणि फेरे पडू देऊ नकोस.” टाकीत तेच साधं पेट्रोल होतं, तीच पाच माणसं, तोच चढ. माचीपर्यंत इंजिनाने आवाज केला नाही. परतल्यावर त्याने बंपरमागची इंटरकूलरची जाळी धुऊन घेतली, ती धुळीने आणि किड्यांनी भरली होती. पेट्रोल त्याने बदललं नाही, आणि बदलायची गरजही नव्हती.

बंधुभगिनींनो, हालोलला १९९० च्या दशकापासून मोटारी तयार होतात, आज तिथून टर्बो पेट्रोल गाड्या देशभर जातात. कोयलीला पेट्रोल तयार होतं. तेल अंकलेश्वरला निघतं. एका दिवसाच्या फेरीत हे सगळं पाहता येईल असं हे आपलं गाव आहे. अशा गावातल्या माणसाने पंपावर केवळ ‘भारी’ या शब्दावर पेट्रोल निवडू नये. माझी विनंती एवढीच: आज घरी गेल्यावर गाडीच्या टाकीचं झाकण उघडा, टॉर्च घेऊन तो आकडा वाचा आणि घरात जे जे गाडी चालवतात त्या सगळ्यांना सांगा. तुमच्या गाडीला योग्य ऑक्टेन तोच.